पूर्णवेळ सेवेसाठी सपोर्ट कसा उभा करायचा? मागायला जीभच रेटत नाही

कोपरगावकर

सगळ्यांना जय ख्रिस्त. बरेच दिवस लिहू की नको करत होतो, आज लिहितोच.

वय ३४, पिंपरीला एका ऑटोपार्टच्या कंपनीत क्वालिटीला ११ वर्षं काढली. बायको स्टाफ नर्स आहे, मुलगी ४ वर्षांची, तिच्यामुळे बायको सध्या घरी असते. गेली तीन वर्षं सुट्टी मिळाली की मी नंदुरबारला धडगावच्या बाजूला जातोय, सातपुड्यात पावरा समाजातली काही विश्वासी कुटुंबं आहेत त्यांच्याकडे. आता प्रभूने दोघांच्याही मनात घातलंय की तिथेच जाऊन राहायचं, पावरी नीट शिकायची आणि त्यांच्यात पूर्णवेळ सेवा करायची. एका भारतीय संस्थेने आम्हाला घेतलंय पण त्यांचा नियम असा की पगार संस्था देत नाही, महिन्याच्या गरजेच्या ८०% रकमेचा शब्द लोकांकडून मिळाला की मगच पाठवतात.

हिशोब मांडला तो असा. भाडं ४,०००, किराणा दूध गॅस मिळून ८,०००, पेट्रोल ३,०००, मुलीची शाळा २,०००, फोन ६००, औषधं आणि आरोग्य विमा २,४००, गावी आईला ३,००० (हे मी बंद करू शकत नाही), येणंजाणं १,५००, पावरी शिकवणाऱ्याला १,५०० आणि सेवेचा खर्च ३,०००. झाले २९,०००. आत्तापर्यंत पाच जणांनी मिळून ६,५०० चा शब्द दिलाय, आणि त्या पाचांनी आपणहून विचारलं म्हणून, मी तोंड उघडून अजून एकालाही मागितलेलं नाही.

खरी अडचण तीच आहे. मागच्या रविवारी उपासनेनंतर एक ओळखीचे भाऊ चहा घेताना म्हणाले काय कसं चाललंय, मी म्हणालो प्रभूची कृपा, सगळं छान. खिशात प्रार्थना कार्ड (आमची ओळख नि प्रार्थनेचे विषय छापलेलं) होतं, ते बाहेरच निघालं नाही. आमच्या वडिलांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, आम्हाला तेच शिकवलं. शिवाय मंडळीत काही जण म्हणतात खरा विश्वास असेल तर माणसांना सांगायचंच नाही, गुडघ्यावर सांगायचं. मग हे घरोघर जाऊन मागणं म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

मिरजेची_लेक

दादा, मी सुवार्तिकाची मुलगी आहे म्हणून लिहिते. आमचे पप्पा कुणालाही कधी काही सांगायचे नाहीत, तेच तुमचं गुडघ्यावर सांगायचं. पप्पांच्या विश्वासाबद्दल माझ्या मनात आजही आदरच आहे आणि प्रभूने आम्हाला उपाशी ठेवलं नाही हेही खरं. पण वाण्याच्या दुकानात पप्पा जात नव्हते, मम्मी जायची, नाहीतर मला पाठवायची. त्या उधारीच्या वहीवर लाल पुठ्ठा होता आणि आमच्या पानाचा कोपरा दुमडलेला असायचा, म्हणजे वाण्याला पटकन सापडावं म्हणून. मी नऊ वर्षांची असेन. मी दिसले की तो आधी ते पान उघडायचा आणि मग विचारायचा काय पाहिजे. पप्पांनी जे माणसांना सांगितलं नाही ते मम्मीला त्या वाण्याला सांगावं लागत होतं दर महिन्याला.

म्हणून एवढंच विचारते, हा हिशोब वहिनींनी केलाय का तुम्ही? त्यात त्यांच्या हातात राहील अशी रक्कम कुठाय? म्हातारपणासाठी काय? गाडी बिघडली तर? आणि संस्था कापत नाही का काही? सगळ्या संस्था कापतात.

कोपरगावकर

ताई, वाचून बराच वेळ गप्प बसलो. बायकोला दाखवलं, ती म्हणाली हेच मी तुम्हाला मे महिन्यात सांगत होते. आज दोघांनी बसून परत मांडलं. पीपीएफचे २,००० आणि गाडीचे ५०० धरले, ३१,५०० झाले. संस्था आलेल्या पैशांतले १०% ऑफिस खर्चाला ठेवते ते मी धरलंच नव्हतं. म्हणजे ३५,००० यायला हवेत तेव्हा आमच्या हातात ३१,५०० पडणार. त्याचे ८०% म्हणजे २८,०००.

तंबू_शिवणारा

कुणाला वाईट वाटू नये पण मला हा सपोर्ट प्रकारच पटत नाही. प्रेषित पौल स्वतःच्या पोटापाण्यासाठी तंबू शिवत होता, प्रेषितांची कृत्ये १८:३. वहिनी नर्स आहेत, धडगावसारख्या ठिकाणी नर्सची केवढी गरज आहे, त्यांनी नोकरी धरावी नाहीतर तुम्ही काहीतरी धंदा टाका. गावातले लोक पहिला प्रश्न विचारतात की तुम्ही जगता कशावर, आणि तुम्ही काम करत नाही पण पैसे येतात म्हटलं की संशय येतोच, हे कोणी कितीही नाकारलं तरी. मी स्वतः सहा वर्षं शिकवण्या घेऊन सेवा केली, एक रुपया कुणाकडून घेतला नाही.

निवृत्त_पाळक

मुलांनो, वय झालंय, टाइप करायला वेळ लागतो त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

तंबूवाल्या भावाने अध्याय १८ मधलं तिसरं वचन दिलं, त्यांनी पाचवंही वाचावं. सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आले आणि पौल वचन सांगण्यात पूर्णपणे गढून गेला असं तिथे आहे. का बरं गढून जाता आलं? २ करिंथ ११:९ मध्ये तो स्वतःच सांगतो की मासेदोनियाहून आलेल्या बंधूंनी माझी गरज भागवली. म्हणजे करिंथात तंबूही होते आणि फिलिप्पैच्या बाजूचा आधारही होता. आणि रोमकरांस १५:२४ मध्ये तर तो स्पेनला जाताना मला तुमच्याकडून वाटेला लावावं असं त्या मंडळीला सरळ लिहितो, ज्यांना तो अजून भेटलेलासुद्धा नाही. आपल्या प्रभूच्या फिरतीचा खर्च कोण करत होतं तेही लूकने ८व्या अध्यायात नावानिशी लिहून ठेवलंय, योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ बायका, आपल्या पदरच्या पैशाने.

आता न मागण्याबद्दल. ते उदाहरण बहुतेक जॉर्ज म्युलरचं असतं, ब्रिस्टलचे, ज्यांनी हयातीत १०,००० च्या वर अनाथ मुलं सांभाळली आणि कुणा माणसाकडे पैसे मागितले नाहीत. ते खरंच आहे. पण म्युलर दरवर्षी आलेल्या नि खर्च झालेल्या पैशांचा अहवाल छापत होते आणि देवाने गरज कशी भागवली ते त्यात लिहीत होते. लोक ते वाचत होते. म्हणजे मागत नव्हते पण हिशोब सगळ्या जगासमोर उघडा होता. आपल्याकडे न मागणारे पुष्कळ भेटतात, हिशोब छापणारे मी फार थोडे पाहिले.

आपल्या पंडिता रमाबाईंचं घ्या. म्युलर आणि चीनला गेलेले मिशनरी हडसन टेलर यांच्या विश्वासाने चाललेल्या कामाचा त्यांच्यावर मोठा परिणाम होता, केडगावच्या मुक्तीमध्ये तो दिसतो. पण त्याच रमाबाई त्याआधी अमेरिकेत गावोगाव बोलत फिरल्या, १८८७ला बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभं राहिलं आणि लोकांनी दहा वर्षं मदत द्यायचा शब्द दिला, त्यावर १८८९ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. एकाच बाईने दोन्ही केलं. आणि दोन्ही वेळा देवानेच दिलं.

विल्यम कॅरीची गोष्ट तर मी प्रत्येक नव्या सेवकाला सांगतो. १७९२ला केटरिंगमध्ये डझनभर माणसं जमली आणि वर्गणीचा शब्द किती निघाला तर १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. एवढ्यावर मिशनरी सोसायटी सुरू झाली. कॅरी बंगालला आला, पैसे संपले, निळीच्या कारखान्यावर नोकरी धरली. पुढे सेरामपूरला (बंगालमधलं, आपलं नगरचं श्रीरामपूर नव्हे) त्याचे सोबती मार्शमनची शाळा, वॉर्डचा छापखाना आणि कॅरीची फोर्ट विल्यम कॉलेजातली शिक्षकी यांचं उत्पन्न एका सामाईक पेटीत पडायचं. तो तिथे मराठीही शिकवायचा बरं का, त्याचं मराठी व्याकरण १८०५चं. म्हणजे आपली मराठी शिकवूनसुद्धा त्या मिशनचा खर्च निघालाय. आणि तिकडे इंग्लंडात त्या सोसायटीचा सचिव अँड्र्यू फुलर मरेपर्यंत मंडळ्यामंडळ्यांतून फिरून पैसे गोळा करत राहिला. कॅरीचं नाव सगळ्यांना माहीत आहे, फुलरचं कितीकांना?

बाळा, तू मागायला जातोस तेव्हा तू फुलर शोधायला जातोस. ते भीक मागणं नाही.

तंबू_शिवणारा

पाळकबाबा, पाचवं वचन मी असं जोडून कधी वाचलं नव्हतं, मान्य करतो. पण संशयाचा मुद्दा मी सोडणार नाही. पैसा कुठून येतो हे गावात उघड सांगता आलं पाहिजे.

मिरजेची_लेक

बाबा, ना. वा. टिळकांनीपण १९१७ ला अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहिले ना. आमच्याकडे त्यांचं उदाहरण फार द्यायचे. मला लहानपणी वाटायचं की मग लक्ष्मीबाईंनी काय केलं असेल. टिळक हातात असेल ते देऊन टाकणारे, संसार त्यांना ओढायचा होता.

निवृत्त_पाळक

पोरी, खरंय तुझं. ते उदाहरण देताना आम्ही लक्ष्मीबाईंचं नाव घ्यायला विसरलो.

सीए_वसईकर

मी कॅथलिक, आमच्याकडे फादरांचं सगळं धर्मप्रांत बघतो त्यामुळे हा घरोघर जाण्याचा प्रकार मला नवा आहे, पण पैशाच्या कायद्याचं थोडं सांगतो कारण यात चांगली माणसं निष्काळजीपणाने अडकलेली मी बघतो.

पहिलं म्हणजे स्वतःच्या फोनवरच्या क्यूआरवर सपोर्ट घेऊ नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळून ५०,००० च्या वर भेट आली की वरची नाही, अख्खी रक्कम तुमचं उत्पन्न धरतात. महिन्याला पाच हजार आले तरी वर्षाचे साठ होतात. संस्थेच्या खात्यात पैसे, दात्याला पावती, आणि संस्थेकडून तुम्हाला रीतसर मानधन, हाच रस्ता. वर्षाला सव्वाचार लाखाच्या आत मानधन असेल तर नव्या करपद्धतीत कर लागणार नाही, पण रिटर्न भराच, उद्या कुणी विचारलं की तुम्ही जगता कशावर तर दाखवायला कागद असतो. तंबूवाल्या भावांच्या मुद्द्याचं एक उत्तर हेच आहे.

दुसरं, कुणालाही ८०जी ची (दिलेल्या देणगीवर आयकरातली) सूट मिळेल असं परस्पर सांगू नका. निव्वळ धार्मिक कामाच्या ट्रस्टला ती मिळत नाही आणि नवी करपद्धती घेतलेल्याला तर तिचा उपयोगच नाही. संस्थेला लेखी विचारा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, परदेश. कुणी आहे का तुमचं बाहेर?

कोपरगावकर

हो, तेच विचारणार होतो. मावसभावाचे मित्र टेक्सासला आहेत, अमेरिकन नागरिक झालेत, ते म्हणतात महिन्याला २०० डॉलर सरळ तुझ्या खात्यात टाकतो, निम्मा प्रश्न सुटेल. आणि मंडळीतले एक भाऊ दुबईला आहेत ते २,००० म्हणतायत. आमच्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी निधी घेण्याची सरकारी नोंदणी) नाही.

सीए_वसईकर

टेक्सासचे पैसे घेऊ नका. अगदी स्पष्ट लिहितो. परदेशी नागरिकाचा पैसा म्हणजे परदेशी स्रोत, माणूस मूळचा आपल्या शेजारच्या गल्लीतला असला आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरीही. सख्ख्या नातलगांना सूट आहे, मावसभाऊसुद्धा त्यात बसत नाही, त्याचा मित्र तर दूरच. दुसऱ्या एफसीआरएवाल्या संस्थेतून फिरवून घेऊ असं कुणी सुचवेल, तर २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणं बंद झालंय, आणि ज्यांच्याकडे नोंदणी आहे त्यांनाही पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात.

दुबईच्या भावांचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असतील तर तो परदेशी निधी धरत नाहीत. पासपोर्टची झेरॉक्स संस्थेच्या फाइलला लावून ठेवा.

कोपरगावकर

निम्मा प्रश्न सुटला होता तो परत उभा राहिला. पण सांगितलंत ते बरं झालं, मनापासून आभार. टेक्सासच्या भाऊंना आज फोन करून नाही म्हणालो. ते म्हणाले मग प्रार्थनेत तरी ठेवू दे.

ऐझॉलहून_परत

बँकेच्या बदलीमुळे मी साडेतीन वर्षं मिझोरामला होतो. तिकडे बुहफाई थाम म्हणून पद्धत आहे, म्हणजे मूठभर तांदूळ. घरातली बाई भात टाकताना प्रत्येक वेळी घरच्या मापातून एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात टाकते, मंडळीतल्या बायका घरोघर जाऊन ते गोळा करतात, विकतात आणि तो पैसा देवाच्या कामाला जातो. १९१० पासून चालू आहे. माझ्या घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात ते भांडं चुलीच्या डाव्या हाताला असायचं, एकदा मी विचारलं पाहुणे आल्यावर भात कमी पडला तर? त्या म्हणाल्या ती मूठ आमची नसतेच, कमी कशी पडेल. लहान राज्य आहे, मोठा उद्योग नाही, पण तिथल्या मंडळ्या आपले मिशनरी देशभर पाठवतात.

आपल्याकडे नगर जिल्ह्यात माझी आजी मडक्यात ज्वारीची मूठ टाकायची, पिकाच्या उपासनेला ते मडकं वेदीपाशी जायचं. आजी गेल्यावर आमच्या घरात ते बंद झालं याचं आता वाईट वाटतं.

निवृत्त_पाळक

हे मोलाचं लिहिलंत. १९०३ला तिरुनेलवेलीच्या लोकांनी इंडियन मिशनरी सोसायटी काढली आणि १९०५ च्या नाताळात सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, व्ही. एस. अझरया दोन्हींत पुढे होते. तेव्हापासूनच धोरण आहे, माणसं आपली आणि पैसाही आपला. टेक्सासचे २०० डॉलर गेले म्हणून खचू नकोस.

डोंबिवली_फास्ट

मी देणारा आहे, सेवक नाही. चार सेवकांना महिन्याला पाचशे पाचशे पाठवतो, त्याआधी सहा जणांना पाठवायचो, दोन बंद केले ते का ते सांगतो म्हणजे उपयोग होईल. एकाने आठ महिने काही कळवलं नाही आणि एक दिवस ब्रॉडकास्टवर तातडीची गरज म्हणून क्यूआर पाठवला, तोच मेसेज माझ्या बायकोला, भावाला आणि आमच्या पाळकांनाही आला होता. दुसऱ्याच्या प्रत्येक पत्रात इतक्या जणांनी तारण स्वीकारलं एवढेच आकडे असायचे, गरिबांच्या लहान मुलांचे फोटो असायचे, ते मला त्या मुलांसाठी बरं वाटेना.

ज्यांना देतोय त्यातले एक गडचिरोलीकडे आहेत. त्यांनी एकदा लिहिलं होतं की या महिन्यात मी कुणाकडेही गेलो नाही, मलेरिया झाला होता आणि मनाने पण पडलो होतो, तुमचे पैसे औषधाला गेले, क्षमा असावी. मी त्या महिन्यापासून पाचशेचे सातशे केले.

मागताना एवढंच करा भाऊ, घरी या. देवळाच्या दारात नको. टीव्ही बंद होईपर्यंत थांबा. काम सांगा, हिशोबाचा कागद समोर ठेवा, आणि रक्कम बोला, महिन्याला हजार जमेल का असं. जे काही जमेल ते द्या म्हटलं की माणूस एकदाच शंभर देऊन मोकळा होतो, त्याचाही दोष नसतो, त्याला कळतच नाही तुम्हाला काय हवंय. आणि विचारून झालं की गप्प बसा. आपणच घाईने नाही जमलं तरी चालेल म्हणून टाकतो, त्याला उत्तर द्यायला वेळच देत नाही. माझ्यासमोर तिघांनी असं केलंय.

मिरजेची_लेक

आणि वहिनींना बरोबर न्या. बायकांना काय विचारायचंय ते बायकांनाच विचारता येतं.

कोपरगावकर

(सहा आठवड्यांनंतर)

सगळ्यांना जय ख्रिस्त. सांगितलं होतं कळवीन म्हणून. दोघं मिळून १६ घरी गेलो. पहिल्या घरी कागद काढताना माझा हात थरथरत होता, बायकोने तो माझ्या हातातून घेतला आणि तिनेच वाचून दाखवला, भाड्यापासून पीपीएफपर्यंत. रक्कम पण तीच बोलली. पुढच्या घरापासून मी बोलायला लागलो. आठ घरांनी हो म्हटलं, त्यांचे मिळून ७,३०० आणि मंडळीच्या कमिटीने ४,००० ठरवले. आधीचे ६,५०० धरून १७,८०० झाले. तीन घरी स्पष्ट नाही म्हणाले, एका घरी चहा न पाजता पाठवलं, बाकीचे विचार करून सांगतो म्हणालेत. २८,००० अजून लांब आहेत.

एक गोष्ट लिहायची होती. शेवगावला माझी आत्या असते, एकटी, संजय गांधी निराधारचे पैसे येतात तिला. यादी केली तेव्हा तिचं नाव मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. तिच्या शेजारच्या घरी गेलो होतो म्हणून सहज टेकलो, तर तिला कुणीतरी आधीच सांगितलेलं. तिने पाणी दिलं आणि उभ्यानेच विचारलं, अख्ख्या गावाला विचारलंस, मला का नाही रे? मी म्हणालो आत्या तुझंच तुला पुरत नाही. ती इतकी चिडली की मला वाटलं रडतेय. म्हणाली, गरीब म्हणून मला देवाच्या कामातनं बाहेर काढतोस का, सारफथच्या विधवेला एलीयाने विचारलंच ना, तिच्याकडे तर मूठभर पीठ होतं, माझ्याकडे डबाभर आहे. मी काहीच बोलू शकलो नाही. बायकोने कागद काढला आणि आत्याचं नाव लिहिलं, महिन्याला १००. आत्याने कागद हातात घेऊन बघितला, तिला वाचता येत नाही, तरी बोट ठेवून विचारलं यात मी कुठाय, बायकोने दाखवलं.

संस्थेची पहिली पावती तिच्या नावाने फाडली. पोस्टाने येईल म्हटलं तर म्हणाली पोस्टाने नको, तूच आणून दे आणि वाचून दाखव.

सीए साहेब, दुबईच्या भावांची झेरॉक्स आली, फाइलला लावली.

डोंबिवली_फास्ट

भाऊ, माझं नाव पण लिहा, महिन्याला ५००. संस्थेचा खाते क्रमांक व्यक्तिगत निरोपात पाठवा.

तंबू_शिवणारा

धडगावला पोहोचलात की कळवा. पावसाळ्याआधी येईन, शिकवणीचा जुना फळा आणि पुस्तकं आहेत ती घेऊन येतो. आणि ३०० माझे लिहा.

मिरजेची_लेक

आत्याबाईंची पावती टपालाने पाठवू नका हं दादा.

कोपरगावकर

नाही ताई. शनिवारी सकाळच्या एसटीने निघतोय, मुलीलाही नेतोय.